गाडीच्या एसीत गॅस भरण्याआधी गळती शोधा

माझी गाडी २००५ ची, पेट्रोलवरची. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलंय. लागोपाठ दोन उन्हाळे एसीने एप्रिलमध्ये मान टाकली आणि दोन्ही वेळा "ताई, गॅस संपलाय" म्हणत भरून दिला गेला. दोन्ही वेळा गारवा जेमतेम गणपतीपर्यंत टिकला. तिसऱ्या वर्षी मात्र मी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे, सगळे त्यांना मामाच म्हणतात, तीन शनिवार स्टूल टाकून बसले. मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा काय घरचा सिलिंडर आहे, जळून संपायला? एक तर आत आहे, नाहीतर कुठूनतरी गेलाय." रबरी पाइपांतून थोडासा झिरपतो, पण त्याला वर्षं लागतात. चार महिन्यांत रिकामं होत असेल तर भोक आहे, ते शोधायचं.

तरी पहिली तपासणी गॅसची नाही, कानांची. बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि आतून कोणालातरी एसीचं बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप; त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा क्लच चिकटताना 'टक्' असा आवाज येतो, पुलीच्या पुढची चकती फिरू लागते आणि कंडेन्सरचा, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा सुरू होतो. 'टक्' नाही आला तर आधी फ्यूज बघा. मग रिले, म्हणजे क्लचला वीज सोडणारा छोटा डबीसारखा स्विच. बहुतेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, तो काढून एसीच्या जागी बसवून बघायचा. तेही ठीक असेल तर वायर. सोसायटीत गाडी उभी करणाऱ्यांनी इथे उंदराला विसरू नये. एका जुलैत माझ्या बॅटरीवर काथ्याचं घरटं आणि अर्धं बिस्किट सापडलं होतं, आणि क्लचची वायर बरोब्बर मधोमध कुरतडलेली. वीतभर वायर आणि टेप, एवढंच काम होतं.

वायरही धड असेल तर गॅस कमी असल्यामुळे प्रेशर स्विचने, म्हणजे गॅसचा दाब बघून क्लच बंद करणाऱ्या स्विचने, क्लच अडवला असण्याची शक्यता आहे. काही जण तो स्विच शॉर्ट करून एसी जबरदस्तीने चालवतात. करू नका. कॉम्प्रेसरला तेल गॅसबरोबरच फिरून मिळतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि कॉम्प्रेसर जाम होतो.

दुसरा प्रकार: फ्रीवेवर गार, सिग्नलला गरम. हा बहुतेक वेळा गॅसचा दोष नसतो. उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा फक्त पंखा देतो. मामांची युक्ती सोपी आहे: एसी चालू ठेवून कंडेन्सरवर मगभर पाणी ओता. लगेच गारवा वाढला तर पंखा किंवा चोंदलेला कंडेन्सर हेच कारण. धुताना साधा पाइप वापरा. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात, मग वारा जायचा कुठून?

आता गळती. गॅस जाताना थोडं तेल बाहेर सोडून जातो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून काळा, चिकट डाग शोधायचा. पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरच्या पुढचं शाफ्ट सील, गॅस भरायच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह आणि कंडेन्सरची खालची कड. मुंबईच्या खाऱ्या हवेत ही कड आधी सडते. डाग दिसला नाही तर सिस्टीम रिकामी करून नायट्रोजन भरायचा, साधारण १५० पीएसआय (दाब मोजायचं एकक), आणि ब्रशने साबणाचा फेस लावत जायचं. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. माझ्या गाडीत कंडेन्सरच्या डाव्या कोपऱ्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक फुगत होते. दोन वर्षं मी पैसे तिथून सोडत होते. वेल्डिंगच्या भानगडीत न पडता मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांतून नवा कंडेन्सर आणला.

खरं काम जोडणीत आहे, आणि घाई तिथेच होते. सिस्टीम उघडली की ड्रायर नावाची डबी बदलायचीच. ती ओलावा शोषते, म्हणून तिची टोपणं अगदी शेवटी काढा. जोडांतल्या जुन्या ओ-रिंग (रबरी कड्या) परत घालू नका, नव्यांना कॉम्प्रेसरचंच तेल लावून बसवा. मग आतली हवा आणि ओलावा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण तास. पंप बंद करून पंधरा मिनिटं दाबाच्या गेजचा काटा बघत बसा. हलला तर अजून गळती आहे.

गॅस वजनावर भरायचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर 'आर-१३४ए' हे गॅसचं नाव आणि ग्रॅमचा आकडा असतो, छोट्या गाडीत बहुधा ४०० ते ५५०. नुसत्या गेजवर विसंबू नका. गेजला दोन काटे असतात, कमी दाबाच्या बाजूचा (लो साइड) आणि जास्त दाबाच्या बाजूचा (हाय साइड). बंद गाडीत ३० अंशांना दोन्ही काटे ९५ पीएसआयच्या आसपास दाखवतात, मग आत २०० ग्रॅम असो की ५००. त्यावरून गॅस आहे एवढंच कळतं, किती ते नाही. चालू केल्यावर इथल्या उन्हाळ्यात लो साइड ३० ते ४०, हाय साइड २०० ते २५०. दोन्ही काटे एकाच जागी राहिले तर कॉम्प्रेसर दाब देत नाहीये. कोणी स्वस्तातला, एलपीजीच्या जातीचा गॅस सुचवला तर सरळ नाही म्हणा, तो पेट घेतो. हातमोजे आणि चष्मा घाला, द्रवरूप गॅस कातडीवर उडाला तर गोठून जखम होते. हे काम मी स्वतः करत नाही. शेजारी उभी राहून वजनकाट्याचा आकडा मात्र वाचते.

कॉम्प्रेसरच्या तेलात चंदेरी चुरा दिसला तर मात्र हिशेब वेगळा. तो चुरा कंडेन्सर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हपर्यंत (गॅस कूलिंग कॉइलमध्ये सोडणाऱ्या बारीक तोंडापर्यंत) गेलेला असतो. नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही लवकरच जातो. अशा वेळी गाडीची किंमत आणि कामाचा खर्च शेजारी-शेजारी लिहून बघावा.

एसी सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वॉचमनकाकांनी खालून हाक मारली, "ताई, गाडी गळतेय!" खाली जाऊन थेंबाला बोट लावलं. तेलकट नव्हतं, हिरवट कूलंटही नव्हतं, नुसतं गार पाणी. कूलिंग कॉइलवर हवेतला दमटपणा जमतो आणि ड्रेनच्या नळीतून बाहेर पडतो. काकांना म्हटलं, गळू दे.