बॅटरीवरचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ: ९० व्होल्ट जोडण्याआधी

डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६ हे व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) असलेल्या रेडिओला दोन वेगळे पुरवठे लागतात: फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, १.४ व्होल्ट आणि प्लेटला, म्हणजे त्या तारेतून निघणारे इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या पत्र्याला, साधारण ९० व्होल्ट. दोन्ही पुरवठे एकत्र देणारा पूर्वीचा जोड बॅटरी पॅक आता मिळत नाही. पण ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ९० व्होल्ट होतात, आणि फिलामेंटला टॉर्चचा एक मोठा सेल पुरतो.

खरा धोका वायरींच्या अदलाबदलीचा. ९० व्होल्ट चुकून फिलामेंटवर गेले, तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जळतात आणि असे व्हॉल्व्ह पुन्हा मिळवणं सोपं नाही. म्हणून पहिल्या चाचणीत ९० व्होल्टच्या पॉझिटिव्ह वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर घालाच. मग चूक झाली तरी करंट ९० मिलिअँपियरच्या वर जात नाही. चार फिलामेंट मिळून १२५ मिलिअँपियर घेतात, त्यामुळे चारही व्हॉल्व्ह जागेवर असतील तर ते वाचतात.

फिलामेंट तपासायचं तर व्हॉल्व्हच्या १ आणि ७ नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा, पण डिजिटल मीटरने. काट्याच्या जुन्या मीटरचा कमी ओहमच्या रेंजवरचा करंट २५ मिलिअँपियरच्या नाजूक तारेला झेपेलच असं नाही.

डीएल९६च्या ग्रिडवरचा (सिग्नल आत घेणाऱ्या टोकावरचा) कागदी कपॅसिटर न तपासताच बदला. तो गळका असेल, म्हणजे त्यातून डीसी करंट झिरपत असेल, तर आवाज फाटतो, बॅटरीही लवकर उतरते. आणि ९० व्होल्टचा झटका जोरात बसतो, हात घालण्याआधी बॅटरी काढाच.