पोरं मिळत नाहीत म्हणणाऱ्या वर्कशॉपवाल्यांसाठी

'सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, फ्रेशर चालेल, आकर्षक पगार.' पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, माणसं मागणारा हा बोर्ड गेटवर वर्षभर लटकलेला असतो आणि आत मालक म्हणत असतो, हल्लीच्या पोरांना कामच नको. मी भोसरीतच टर्निंगचं जॉबवर्क, म्हणजे लेथवर दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे भाग वळवून द्यायचं काम करतो आणि मला हे अजिबात पटत नाही. परभणी-लातूरहून पिशवी घेऊन उतरलेल्या पोराला काम हवंच असतं. परवडत नाहीत ते पहिले चाळीस दिवस.

हिशेब मांडून बघा. एक तारखेला कामावर आला, तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. त्याआधी खोलीचं डिपॉझिट, खानावळीचे आगाऊ पैसे, बसचा पास. घरून आणलेले पैसे संपले की 'आईला बरं नाही' म्हणून गावाला जातो, आणि मग फोन उचलत नाही. म्हणून भरती काढायच्या आधी तीन गोष्टी ठरवून ठेवा. जवळच्या खानावळीशी बोलून पहिल्या महिन्याचे पैसे कंपनीने परस्पर भरायचे. दर शनिवारी थोडी उचल द्यायची आणि ती पुढच्या तीन पगारांतून कापायची, एकदम नाही. सेफ्टी शूज आपण द्यायचे. खोलीचं जुन्या कामगारांना विचारा. कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं देऊन, कुठे जागा आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आता जाहिरात. 'आकर्षक पगार' वाचून कोणी येत नाही, 'हातात किती' वाचून येतो. समजा पगार १७,००० आहे आणि त्यात बेसिक व डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयचे (कामगार विम्याचे) पाऊण टक्का म्हणजे १२८, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात राहतात १४,८७२. व्हॉट्सॲपवर फिरवायच्या पोस्टरवर हाच आकडा टाका. शिफ्टच्या वेळा, सुट्टीचा वार, ओव्हरटाइमचा दर, पगाराची तारीख आणि फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव, एवढं पुरे. १७,००० सांगून १४,८७२ दिले की पोरगा पहिल्याच पगाराला आपल्याला लबाड ठरवतो, आणि संध्याकाळपर्यंत ते त्याच्या आयटीआयच्या ग्रुपवर गेलेलं असतं.

जायचं कुठे? औंधच्या आयटीआयत मोठ्या कंपन्या आपल्या आधी पोचतात. राज्यात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत. करमाळा, इंदापूर अशा तालुक्याच्या ठिकाणी जा. तेही निकालानंतर नको, जानेवारी-फेब्रुवारीत. टर्नर किंवा फिटरच्या निदेशकांना भेटा. कुठला पोरगा लेथवरून हलत नाही हे त्यांना तोंडपाठ असतं. शक्य झालं तर एखादा जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, आणि त्याचं ड्रॉइंग घेऊन जा, पोरं त्याभोवती जमतात. कंपनीच्या स्लाइड दाखवू नका, झोपतील.

दुसरी जागा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या कंपन्या अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) घेतात आणि मुदत संपली की बऱ्याच जणांना सोडतात. शिस्त, पाच-एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), मोजमाप सगळं शिकलेला हा पोरगा त्या महिन्यात मोकळा असतो. निदेशकांकडून मुदत संपायची तारीख काढा आणि महिनाभर आधी फोन करा.

अप्रेंटिस आपल्यालाही घेता येतात. ३० किंवा जास्त माणसं असतील तर ते बंधनकारकच आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के; चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. केंद्र सरकारच्या अप्रेंटिससाठीच्या एनएपीएस योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, पोराच्या खात्यात थेट जमा होतो. अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर करार मात्र वेळेत करा. आणि स्वस्तातला हेल्पर म्हणून अप्रेंटिस घेणार असाल तर घेऊच नका.

मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' कशाला? वळवलेला एक बुश (नळीसारखा पोकळ भाग), ड्रॉइंग आणि व्हर्नियर हातात द्या. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २५ एच७ (एच लहान लिपीतला) असू द्या, म्हणजे मापात चालणारा फरक शून्य ते उणे २१ मायक्रॉन. बरा पोरगा जबडे पुसून, मिटवून आधी शून्य जुळतंय का बघतो. चांगला पोरगा म्हणतो, सर, व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान मापच, वीस मायक्रॉन आहे, मायक्रोमीटर द्या. त्याला तिथेच पत्र द्या. इंग्रजी येतं का, मार्क किती, हे मी विचारतसुद्धा नाही. वय मात्र कागदावर बघा, अठरा पूर्ण हवं. बघून झालं की मूळ प्रमाणपत्रं परत करा. ती ठेवून घ्यायची खोड आपल्या लाइनीत फार आहे, आणि त्याने माणूस थांबत नाही, फक्त आपल्याला घाबरतो. त्यापेक्षा त्याच्यासमोर घरी फोन लावून वडिलांशी दोन मिनिटं बोला.

पहिले दोन महिने फक्त पहिली शिफ्ट द्या. रात्री उशिरा सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस नसते आणि नवख्याला रस्ते माहीत नसतात. पहिला आठवडा डीबरिंग (जॉबच्या धारदार कडा साफ करणं) आणि मोजणी, मग जॉब लावणं-काढणं, ऑफसेटला (टूल किती सरकवायचं तो मशीनमधला आकडा) हात त्यानंतर. ऑफसेट टाकताना शेजारी जुना ऑपरेटर उभाच पाहिजे, ०.०२ च्या जागी ०.२ पडले तर जॉब स्क्रॅप. त्या जुन्या माणसाला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्या, नाहीतर तो मुद्दाम अर्धं शिकवतो. नुसता झाडू आणि बरी (धातूचा कीस) उचलायला लावलेला आयटीआयवाला महिनाभरात जातो, आणि त्याचं चुकत नाही. सुपरवायझरला शिव्यांची सवय असेल तर आधी त्याच्याशी बोला. 'ए पोऱ्या' नको, नावाने हाक मारा.

दिवाळीचा बोनस सुट्टीच्या आधी खात्यात पडला पाहिजे, कायद्याने किमान ८.३३ टक्के. गावाला गेलेला पोरगा पारावर काय सांगतो, त्यावर आपली पुढची भरती ठरते. परत येताना तो धाकट्या चुलतभावाला घेऊन येतो. दोन वर्षांनी तो दोन हजार जास्त देणाऱ्याकडे जाणार, हेही धरून चला. जाताना हिशेब आणि अनुभवाचं पत्र त्याच आठवड्यात द्या. पत्रावर मशीनचं आणि कंट्रोलरचं नाव लिहा, 'चांगला कामगार' एवढंच नको.