आवश्यकता नोंदवताना या चुका टाळा

पिग्मी ठेवी गोळा करणाऱ्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी मला सांगितले, "साहेब, संध्याकाळचा रिपोर्ट लवकर निघाला पाहिजे." मी ते वाक्य जसेच्या तसे आवश्यकता (सॉफ्टवेअरने काय करावे याची नोंद) म्हणून नोंदवले, प्रोग्रामरने रिपोर्टचा वेग वाढवला आणि तक्रार मात्र तशीच राहिली. अखेर एका संध्याकाळी काउंटरमागे बसून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. एजंटांनी आणलेली रोकड आणि त्यांच्या यंत्रातील नोंदी यांचा मेळ लिपिक हाताने घालत होते. एकाची रक्कम जुळली नाही की सगळ्यांचा भरणा अडत होता. अडचण रिपोर्टच्या अलीकडे होती आणि ती बैठकीच्या खोलीत बसून कधीच दिसली नसती.

बिझनेस अॅनालिसिस म्हणजे संस्थेची गरज समजून घेऊन ती आवश्यकतांच्या रूपात मांडण्याचे काम. त्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या कामाची सहा ज्ञानक्षेत्रे मांडली आहेत. त्यांपैकी माहिती मिळवण्याच्या क्षेत्रात मुलाखतीबरोबर प्रत्यक्ष निरीक्षणालाही स्थान आहे, परंतु वेळ कमी पडला की आपण आधी निरीक्षणच वगळतो. मागणी आणि गरज यांची गल्लत ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे, कारण तिच्यावर उभे राहिलेले पुढचे सगळे काम नेटके असूनही निरुपयोगी ठरते.

"लवकर", "सोपे", "सुरक्षित" असे शब्द आवश्यकतेत आढळले, तर ते तपासता येतील असे करून घ्यावेत. "सायंकाळी सातपर्यंत सर्व एजंटांचा भरणा नोंदलेला असावा आणि न जुळलेली रक्कम वेगळी दिसावी" हे वाक्य चाचणी करणाऱ्यालाही उपयोगी पडते.

फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर मान्य झालेले बदल त्याच दिवशी नोंदवावेत. प्रत्येक आवश्यकतेला क्रमांक देऊन तो मूळ गरजेशी आणि चाचणीशी जोडलेला असला, की चाचणीच्या वेळी "हे आम्ही मागितलेच नव्हते" असे कोणी म्हटल्यास बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी मान्य केला हे शोधता येते.

उपाययोजनेचे मूल्यमापन हे सहावे क्षेत्र तर प्रणाली सुरू झाली की विसरलेच जाते. त्यासाठीची मोजणी जुनी पद्धत चालू असतानाच करावी लागते: भरणा किती वाजता संपतो, आठवड्यात किती रकमा जुळत नाहीत. त्या पतसंस्थेत मी हे आकडे आधी घेतले नव्हते, त्यामुळे दुरुस्तीनंतर लिपिकांचा नेमका किती वेळ वाचला, हे संचालकांना दाखवता आले नाही.