सांडपाण्याचा अधिभार: बिल कसं वाचायचं आणि किलो कुठे शोधायचे

मी हिशेबातला माणूस. दूध प्रक्रियेच्या कारखान्यात पाण्याची बिलं माझ्याकडे यायची आणि त्यातली 'जादा भार अधिभार' ही ओळ मी कित्येक वर्षं न वाचता पास केली. एका महिन्यात ती मूळ आकारापेक्षा मोठी झाली, वरून विचारणा आली, तेव्हा शिकावं लागलं.

आधी आकडेमोड. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो आणि पालिकेचं शुद्धीकरण केंद्र त्याच हिशेबाने बांधलेलं असतं. त्याहून जास्त बीओडीचं पाणी आलं की केंद्रातल्या जंतूंना जास्त हवा द्यावी लागते, म्हणजे ब्लोअरची वीज वाढते, गाळही जास्त निघतो. हा खर्च अधिभारातून वसूल होतो. नेहमीचं सूत्र सोपं आहे: तुमच्या बीओडीतून मर्यादा वजा करा, घनमीटरने गुणा, १,००० ने भागा. उत्तर किलोत येतं, त्याला दर लावतात. समजा रोज १०० घनमीटर पाणी, बीओडी १,०००, मर्यादा ३००. म्हणजे रोज ७० किलो. टीएसएसचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या घन कणांचा, हिशेब असाच, वेगळा. काही ठिकाणी बीओडीऐवजी सीओडी धरतात, म्हणजे तीच घाण जंतूंऐवजी रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन. ब्रिटनमधल्या मॉग्डन सूत्रात मर्यादा नसते. तुमच्या पाण्याची ताकद तिथल्या सरासरी सांडपाण्याच्या किती पट, ते बघतात. तुमच्याकडे कोणतं सूत्र आहे ते परवान्यात किंवा दरपत्रकात शोधा आणि मागच्या महिन्याचं बिल स्वतः कागदावर मांडून बघा. जुळलं नाही तर पुढे जाऊच नका.

मग नमुना. आमचा घोळ इथेच होता. नमुना एकाच क्षणी बाटलीत भरून घेतलेला, तोही सकाळी टाक्यांची सीआयपी, म्हणजे न उघडता आतूनच होणारी धुलाई, चालू असताना. त्या एका बाटलीवर पूर्ण महिन्याचा हिशेब! चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात थोडाथोडा घेऊन एकत्र केलेला कॉम्पोझिट नमुना मागा. बहुतेक नियमांत त्याची तरतूद असते. नमुना बर्फात ठेवलाय का, ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत तपासायला घेतला का, हे नोंदवहीत बघा. त्याच नमुन्याचा अर्धा भाग मागून आपल्या प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल आल्यावर पहिली नजर सीओडीवर: बीओडी सीओडीपेक्षा जास्त दिसला, तर चाचणीत चूक आहे, लगेच लेखी हरकत घ्या. बीओडीला पाच दिवस लागतात, सीओडी दोन-तीन तासांत कळतो. म्हणून आम्ही रोज सीओडी करतो आणि दोघांचं आपलं गुणोत्तर बसवून अंदाज काढतो.

घनमीटरकडेही बघा. बॉयलरची वाफ, कूलिंग टॉवरमधून उडून जाणारं पाणी, मालात गेलेलं पाणी हे गटारात जातच नाही. पण आकारणी आत येणाऱ्या पाण्याच्या मीटरवर असेल, तर त्याचेही पैसे जातात. तिथे वेगळा मीटर बसवून वजावट मागता येते.

आता किलो. दुधाचा बीओडी लिटरला साधारण १,००,००० मिलिग्रॅम, म्हणजे गटारात सांडलेलं एक लिटर दूध सुमारे १०० ग्रॅम बीओडी. एका माणसाचा दिवसाचा भार ६० ग्रॅम धरतात. हे कळल्यावर मी वही घेऊन तीन दिवस प्लांटमध्ये फिरलो. एका टाकीच्या तळाशी धुण्याआधी सुमारे ४० लिटर दूध राहायचं, दिवसातून तीन वेळा. १२० लिटर, १२ किलो! उतार नीट नव्हता, शिवाय शिफ्ट संपायच्या घाईत कोणी थांबायचं नाही. आम्ही निथळायला दहा मिनिटं ठरवून दिली, पहिल्या विसळणीचं दुधाळ पाणी वेगळ्या टाकीत घेतलं, जमिनीवरचं सांडलेलं आधी वायपरने गोळा करून मग पाइप लावायला सांगितलं. यंत्रविक्रेते आले होते, त्यांना नंतर बघू म्हणालो. तुमच्याकडे साखरेचा पाक असेल, रक्त असेल, रंग असेल. पद्धत तीच, भार कुठून येतो ते ड्रेन-ड्रेनला जाऊन मोजायचं.

एक फसगत सांगतो. पाणी वाचवलं की अधिभार वाढलेला दिसू शकतो. वरच्या उदाहरणात १०० घनमीटरचे ७० केले आणि भार तोच १०० किलो राहिला, तर मर्यादेवरचे ७० किलोंचे ७९ होतात, कारण मर्यादेची सूट घनमीटरमागे मिळते. पाण्याच्या आकारात बचत होते, तेव्हा दोन्ही ओळी एकत्र बघा. मात्र परवान्यात मिलिग्रॅमची कमाल सीमा असेल तर ती ओलांडली जात नाही ना, हे आधी तपासा. उलट शहाणपणा, म्हणजे ताजं पाणी मिसळून पातळ करणं, कागदावर अधिभार घटवतं. म्हणूनच नियम त्याला सहसा मनाई करतात.

आणि इक्वलायझेशन टाकी, म्हणजे दिवसभराचं सांडपाणी एकत्र करून सारखं सोडणारी टाकी, असेल तर तिचा मिक्सर चालू आहे ना, ते स्वतः बघा. आमचा बंद होता, तळाशी गाळ साचत होता, आणि टाकीची पातळी खाली गेली की तो सगळा एकदम बाहेर पडायचा, बहुतेक वेळा नमुन्याच्याच दिवशी.