जुन्या ऑटोमॅटिक पिकअपच्या गिअरबॉक्समधील बिघाड कसा ओळखावा

जुनी ऑटोमॅटिक पिकअप चढावर नुसती रेस घेऊ लागली किंवा गिअर बदलताना झटके देऊ लागली, की गॅरेजमध्ये बहुधा पहिले वाक्य ऐकू येते ते ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हे. आपल्याकडे पिकअप गाड्या बहुतांशी मॅन्युअल गिअरच्याच विकल्या गेल्या, त्यामुळे क्लचप्लेट सहज बदलणारा कसबी मेकॅनिकही ऑटोमॅटिकपुढे थबकतो आणि थेट मोठ्या कामाकडे वळतो. वास्तविक गिअरबॉक्स उतरवण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा असतो. त्याआधी ऑइल, बॅटरी, स्कॅनर आणि रस्त्यावरची चाचणी या क्रमाने जावे, कारण या तपासण्या स्वस्त आहेत आणि बऱ्याचदा दोष त्यांतच सापडतो. येथे दिलेली पद्धत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलच्या साहाय्याने गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, असलेल्या पारंपरिक ऑटोमॅटिकसाठी आहे. सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा) किंवा एएमटी (मॅन्युअलच, पण गिअर आपोआप बदलणारा) गिअरबॉक्सला ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

आरंभी तक्रार कागदावर लिहून काढावी. गाडी थंड असताना त्रास होतो की तासभर वाहतुकीत अडकल्यावर, सर्व गिअरमध्ये होतो की एकाच, आणि तो कशानंतर सुरू झाला, म्हणजे ऑइल बदलल्यावर, पाण्यातून गाडी काढल्यावर की हळूहळू, हे नेमके लिहावे. ‘गाडी ओढत नाही’ एवढ्याच वर्णनावर कोणताही मेकॅनिक अंदाजच करणार.

त्यानंतर ऑइल पाहावे, आणि येथे घाई करू नये. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीत क्षणभर थांबवत परत ‘पी’मध्ये आणावा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढावी. काही कंपन्या इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये पातळी पाहायला सांगतात, म्हणून गाडीचे पुस्तक आधी वाचावे. डिपस्टिकच नसेल, तर ठरावीक तापमानाला चेंबरजवळच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या पात्राजवळच्या, बोल्टमधून पातळी पाहतात. ते काम लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्येच करावे. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर सटकतो. पातळी जास्त असेल तरी फिरत्या भागांमुळे ऑइलला फेस येऊन तोच परिणाम होतो, म्हणून ‘थोडे जास्तच भरू’ हा विचार येथे चालत नाही.

आता डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाच-दहा मिनिटे थांबावे. चांगल्या स्थितीतले ऑइल बहुधा लालसर आणि पारदर्शक असते व कागदावर सारखे पसरते. थेंबाच्या मध्यभागी काळसर ठिपका राहून कडेला फिकट वर्तुळ उमटले, तर ऑइलमध्ये घर्षणाचा चुरा आहे असे समजावे. बोटांत चोळून वास घ्यावा: करपट वास आणि गडद तपकिरी रंग एकत्र आढळले, तर आतील क्लच जळू लागले आहेत. ऑइल गुलाबी-दुधट दिसले, तर त्यात पाणी गेले आहे आणि गाडी त्याच क्षणी थांबवावी, कारण पाण्यामुळे क्लचवरचे घर्षण-अस्तर चिकटवणारा गोंद सुटू लागतो.

मुंबईत हे पाणी दोन वाटांनी शिरते. एक म्हणजे रेडिएटरमध्येच बसवलेला ऑइल कूलर आतून फुटतो आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळते. दुसरी वाट पावसाळ्याची. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरच्या पाइपमधून, पाणी आत ओढले जाते. जुन्या गाडीत हा पाइप निखळलेला किंवा तडकलेला असतो, म्हणून जूनपूर्वी तो तपासून शक्य तितका उंच बांधून घ्यावा.

गळतीसाठी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरावा. डाग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर पडला तर कन्व्हर्टरच्या सीलवर, मधोमध पडला तर चेंबरच्या पॅकिंगवर, मागे प्रॉपेलर शाफ्टजवळ (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याजवळ) पडला तर मागच्या सीलवर संशय घ्यावा. रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलरच्या नळ्याही बोट फिरवून पाहाव्यात. अनेक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच लाल ऑइल असते, हे विसरू नये.

विजेची बाजू थोडक्यात उरकते, पण ती टाळू नये. गाडी बंद असताना बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट आणि इंजिन चालू असताना चार्जिंग 13.8 ते 14.5 व्होल्टच्या दरम्यान असावे. अर्थिंगची तार गंजलेली असेल, तर सोलेनॉइड, म्हणजे ऑइलचा प्रवाह वळवणारे विजेचे व्हॉल्व्ह, नीट काम करत नाहीत आणि चांगला गिअरबॉक्सही वेडावाकडा वागतो. मग दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा, मात्र तो गिअरबॉक्सचा संगणक वाचणारा असावा, कारण स्वस्त यंत्रे अनेकदा केवळ पी 0700 हा कोड दाखवतात आणि त्याचा अर्थ एवढाच की खरा कोड गिअरबॉक्सच्या संगणकात आहे. पी 0715 आणि पी 0720 हे वेग मोजणाऱ्या सेन्सरचे कोड आहेत आणि असा सेन्सर बऱ्याच गाड्यांत बाहेरूनच बदलता येतो. पी 0741 कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचविषयी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचविषयी, बोलतो, तर पी 0730 म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही, अर्थात आत काहीतरी घसरत आहे. कोड पुसण्यापूर्वी ते लिहून ठेवावेत. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली असेल, तर तो बहुधा संगणकाने लावलेला संरक्षणाचा उपाय असतो आणि त्याचे कारण या कोडमध्येच सापडते.

रस्त्यावरची चाचणी पहाटे, रहदारी नसताना घ्यावी. आधी जागेवरच ब्रेक दाबून ‘एन’मधून ‘डी’मध्ये आणि नंतर ‘आर’मध्ये लिव्हर टाकावा. गिअर लागायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर ऑइल कमी असणे, फिल्टर तुंबणे किंवा सील कडक होणे ही कारणे संभवतात. गिअर लागताना खाली ‘ठक्’ असा आवाज आला, तर आधी इंजिनाचे माउंटिंग आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहावेत. लांब शाफ्टच्या पिकअपमध्ये मधला बेअरिंगही झिजतो आणि त्याचा दोष विनाकारण गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

नंतर द्रुतगती मार्गावर एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर एकसारखी रेस ठेवून टॅकोमीटरकडे, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरकडे, लक्ष द्यावे. गिअर बदलताना काटा एकदम वर उडाला आणि गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. सर्व गिअरमध्ये असे होत असेल तर दोष सामाईक आहे, म्हणजे ऑइल, फिल्टर, पंप किंवा दाब. एकाच गिअरमध्ये होत असेल तर त्या गिअरचा क्लच, बँड (आतील ड्रम आवळणारा पट्टा) किंवा सोलेनॉइड. ताशी 50 ते 80 किलोमीटरच्या दरम्यान, हलक्या रेसवर गाडी खडबडीत रस्त्यावरून जात असल्यासारखी थरथरत असेल, तर मागे वाहन नसल्याची खात्री करून, रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला किंचित स्पर्श करावा. ब्रेकचा दिवा लागताच बहुतेक गाड्यांत लॉकअप सुटतो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर दोष लॉकअपमध्ये आहे. ती तशीच राहिली, तर इंजिनाचे मिसफायरिंग, डिझेल फिल्टर आणि इंजेक्टर आधी पाहावेत. ही एक चाचणी अनेकांचा मोठा खर्च वाचवते.

ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची ‘स्टॉल टेस्ट’ मात्र घरी करू नये. काही सेकंदांतच ऑइल प्रचंड तापते, आणि ब्रेक कमजोर असेल तर समोरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

एवढ्यावरही दोष सापडला नाही, तर चेंबर उघडून घ्यावे आणि त्या वेळी स्वतः हजर राहावे. तळाच्या चुंबकावर मऊ, करड्या पेस्टचा पातळ थर असणे नैसर्गिक आहे. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे म्हणजे बेअरिंग किंवा गिअर झिजले आहेत, आणि काळे पापुद्रे म्हणजे क्लचचे अस्तर सुटले आहे. असे आढळले तरच गिअरबॉक्स उतरवण्याचे बोलणे करावे. काही न आढळल्यास फिल्टर बदलून पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचेच ऑइल भरावे. चेंबरमधून सगळे ऑइल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते, म्हणून निघालेले ऑइल मोजून तेवढेच भरावे आणि मग पातळी पुन्हा पाहावी.

गाडी न्यायची वेळ आली तर ती मागची चाके जमिनीवर ठेवून ओढू देऊ नये. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतील भाग ऑइलविना घासले जातात. सपाट ट्रकवर चढवूनच ती न्यावी. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जुना गिअरबॉक्स मिळाला, तर त्याच्या पट्टीवरचा क्रमांक आपल्या गिअरबॉक्सशी जुळवावा, पैसे देण्यापूर्वी चेंबर उघडून चुंबक पाहावा, आणि तो बसवण्याआधी कूलर व त्याच्या नळ्या आतून स्वच्छ धुऊन घ्याव्यात, नाहीतर जुन्या गिअरबॉक्सचा धातूचा चुरा पहिल्याच फेरीत नव्याने बसवलेल्या गिअरबॉक्समध्ये जाईल.