जुनी फियाट घेताय? पाना उचलण्याआधी तिचा इतिहास काढा

सोलापुरात कुणाला जुनी फियाट सापडली की तो आधी बॉनेट उघडतो. मीही तेच केलं होतं. पहिली फियाट ११०० घरी आली त्याच रविवारी खोलायला घेतली, बॉडी रंगवायला टाकली, आणि बॉनेटखालची कंपनीची पट्टी रंगाच्या दुकानातून भंगारात गेली. ती परत मिळाली नाही. गाडी चालू झाली, पण तिचा एक पुरावा माझ्या घाईत कायमचा गेला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे : आधी कागद, मग माणसं, मग पत्रा आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

ही गाडी आपल्या गावाला परकी नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचाच. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून ११०० रस्त्यावर आली. आधीची गोलसर, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, तिला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे. १९६४ पासून ११०० डी, आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. तिला नुसती घरगुती गाडी समजू नका. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हीच फियाट शर्यतीत पळायची.

सौदा ठरवण्याआधी मूळ आरसी बुक मागा, नुसत्या स्मार्ट कार्डावर भागवू नका. जुन्या पुस्तकात मालकांची नावं, ट्रान्सफरच्या तारखा, एचपीचा, म्हणजे गाडी कर्जावर असल्याचा, शिक्का असं बरंच काही सापडतं. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि हळूहळू जिल्हावार नंबर आले. साठच्या दशकातल्या गाडीवर सोलापूरचा एमएच १३ दिसला, तर ती नंतर नव्याने नोंदली गेली आहे. का, ते विचारा.

आता चेसिस नंबर. जागा रॉकेलच्या फडक्याने पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. आकडे पांढरे उमटतात. एखादा आकडा वाकडा किंवा जास्त खोल उमटला, तर तिथे कुणीतरी हात घातला आहे. हा ठसा आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी जुळवा. इंजिन नंबर जुळला नाही म्हणून लगेच नाही म्हणू नका. पद्मिनीचं इंजिनही १०८९ सीसीचंच, त्यामुळे अदलाबदल सर्रास झाली. पण तो बदल आरसीवर चढलेला हवा. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, मालक हयात नसतील तर वारसांकडून फॉर्म ३१.

मग माणसं. आरसीवरच्या जुन्या पत्त्यावर स्वतः जा. घर पाडून अपार्टमेंट झालं असेल तरी शेजारच्या किराणावाल्याला गाडी आठवते. जुन्या मिस्त्रींना भेटा. 'चाचा, ही गाडी तुमच्या हाताखालून गेली का?' एवढं विचारलं की ते बॉनेट न उघडता सांगतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) कधी उतरवलं आणि सिलिंडरचा बोअर (आतली नळी) घासून कितीवर गेला. माझ्या दुसऱ्या गाडीच्या मागच्या सीटखाली गंजलेली पत्र्याची शिट्टी निघाली. पहिल्या मालकांच्या मुलीला दाखवली. त्या ताईंनी ती बराच वेळ हातात धरली, मग म्हणाल्या, 'गड्ड्यातली (सिद्धेश्वराच्या जत्रेतली) आहे, माझ्या भावाची.' त्यानंतर त्यांनी अल्बम काढला आणि गाडीचा मूळ रंग मला त्या फोटोंवरून समजला.

फोटो नसतील तर रंग गाडीलाच विचारा. डिकीत, गालिच्याखाली, रुपयाएवढी जागा निवडा आणि बारीक पाणी पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) भिजवून घासा. वरचा रंग, मग लांबी (पुट्टी), मग त्याखालचा रंग, झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसू लागतात. पत्र्यावरच्या प्रायमरला लागून असलेला रंग मूळचा. फोटो काढा, मगच घासकाम सुरू करा.

आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे मुंबईच्या गाडीइतका गंज इथल्या गाडीला सहसा नसतो. तरी फ्लोअर आणि दाराखालचे सिल टोकरून बघा. या गाडीला वेगळी चेसिस (खालची चौकट) नाही, बॉडीच भार पेलते. आपल्या उन्हाने मरतं ते रबर आणि वायरिंग. दारांची बीडिंग, ब्रेकचे होज, वॉशर सरसकट बदला. पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारे घ्या, आजच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं. काम करताना फेंडरवर जुनी सोलापुरी चादर दुपदरी टाका.

इंजिनात माझं लक्ष सगळ्यात आधी हेडवर असतं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी एकदा जास्त तापली की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. बोअरवेलचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार धरतात. रेडिएटर खोलून साफ करून घ्या, पुढे कूलंटच वापरा. मिस्त्रींनी काढून टाकलेला थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारा भाग) परत बसवा. सुटे भाग अजून मिळतात, कारण मुंबईत पद्मिनी टॅक्सी २०२३ पर्यंत धावत होती.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. गाडीने दर आठवड्याला भाजी आणायची असेल तर साधी आरसीच दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून ठेवा. माझी तशीच आहे.

सगळं जुळलं की तुळजापूरला जा. साधारण ४५ किलोमीटर सपाट रस्ता आणि शेवटी घाट, याहून चांगली परीक्षा जवळपास नाही. भल्या पहाटे निघा, घाटात तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, काटा चढायला लागला तर बाजूला घेऊन थांबा आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. परत आल्यावर गाडीला रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळणारा पाना) लावून हेडचे नट पुन्हा एकदा क्रमाने तपासा.