गावचं तळं वाचवायचं तर कागद कुठून सुरू करावा

गोव्यात डिचोलीतल्या आमच्या वाड्यावरच्या तळ्यात मातीचा पहिला ट्रक रिता झाला, तेव्हा मी तावातावाने भांडायला गेले. उपयोग झाला नाही. आता कुणी विचारलं तर आधी सांगते, जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढा. सर्व्हे नंबराशिवाय अर्ज टिकत नाही. पावसात तळं काठोकाठ भरलं की फोटो काढून ठेवा, तारखेसकट. उन्हाळ्यातला कोरडा फोटो समोरच्याच्या कामाचा.

१९७१ साली इराणमधल्या रामसरला पाणथळ जागांचा करार झाला, भारत १९८२ मध्ये त्यात गेला. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये त्या कराराच्या यादीत आलं, गोव्यातलं पहिलं. पण आपल्या लहान तळ्यांना आधार २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांचा. अधिसूचित जागेत भराव, अतिक्रमण, कचरा बंद. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरांत पक्कं बांधकामही बंद. भातशेती यात येत नाही, आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेली तळीही येत नाहीत, म्हणून आपलं तळं नैसर्गिक असेल तर ते अर्जात ठळक लिहा.

तळं अधिसूचित करावं असा ग्रामसभेत ठराव घ्या, राज्य पाणथळ प्राधिकरणाला द्या, पोच मागा. उत्तर नाही? माहिती अधिकारात फाईल मागा, मुदत ३० दिवस. तरी भराव चालूच असेल तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण. तिथे अर्जाची सहा महिन्यांची मुदत मोजतात ती वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून. पहिल्या ट्रकची तारीख वहीत आजच लिहून ठेवा.